परतलेल्या येशूला ओळखणार कोण?

येशू ख्रिस्त आजच्या जगात परतल्याची कल्पना करणाऱ्या कथांत लेखक त्याला कॅमेऱ्यांसमोर उभे करून चमत्कार करायला लावतात, तेव्हा ती कथा माझ्या मनाची पकड सोडते. बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, पुनरुत्थित (मरणातून उठलेला) येशू सहजासहजी ओळखू येतच नाही: त्याची अनुयायी मग्दालिया मरीया हिला तो माळी वाटतो, आणि अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याशी बोलत चालतात, पण तो भाकर मोडून त्यांच्या हाती देतो तेव्हाच त्यांचे डोळे उघडतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मेघांसह येणारा, प्रत्येक डोळ्याला दिसणारा ख्रिस्त आहे, हे खरे. पण कथेला तो पेलत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला भुकेला, परका, बंदिवान येशू मात्र आज निर्वासितांच्या छावणीतल्या रांगेत उभा असू शकतो, आणि त्याचा अर्ज तपासणाऱ्या श्रद्धाळू अधिकाऱ्याची कथा मला मनापासून वाचायची आहे.