जरा दमानं

रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा दंडाला आवळत असतानाच समोरून सूचना आल्या. "शांत बसा. डोक्यात काही आणू नका. आणि एक दीर्घ श्वास घ्या बघू." मी आज्ञाधारक. खांदे कानांना टेकवले, पोट आत ओढलं, छाती फुगवली आणि पाण्यात सूर मारायच्या आधी घेतात तसला श्वास घेऊन धरून ठेवला. आकडा बघून बाईंनी चष्मा पुसला. "बाहेर पाच मिनिटं बसा. पुन्हा मोजू."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर झाला तो अपमान हळूहळू ध्यानात आला. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. दिवसाचे झाले वीसेक हजार. इतका सराव मला दुसऱ्या कुठल्याच कामाचा नाही. आणि नेमकं तेच काम कुणी मुद्दाम करायला सांगितलं, तर मला येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी स्वतःच्या श्वासावर पाळत ठेवायला लागले. साधना वगैरे काही नाही, नुसती चौकशी. पहिलाच शोध असा लागला, की दिवसातला बराच वेळ माझा श्वास कुठेतरी अडकलेला असतो. 'तातडीचे' असं शीर्षक असलेली मेल उघडताना अडकलेला. फोनवर नको त्या माणसाचं नाव झळकलं की अडकलेला. सुई ओवताना अडकतो ते मी समजू शकते. पण पासवर्ड टाइप करताना? उरलेल्या वेळात तो गळ्याखालच्या चार बोटांत ये-जा करतो, पोटापर्यंत उतरायचं नाव नाही. 'श्वास घ्यायला फुरसत नाही' हे मी इतकी वर्षं अलंकार म्हणून बोलत होते.

ताण आला की शरीर असं का वागतं, हे समजावणाऱ्या प्रत्येक लेखात एक वाघ येतो. गुहेतला पूर्वज, समोर वाघ, आता लढा किंवा पळा. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी या सगळ्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेत वाघ नव्हता. तिथे मांजर होती, आणि तिच्यासमोर भुंकणारा कुत्रा. भेदरलेल्या मांजरीच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे अंगाला लढायला-पळायला तयार करणारं रसायन, उतरतं हे त्यातून दिसलं. माझं त्या मांजरीशी जास्त जुळतं. वाघासमोरून निदान धूम ठोकता येते. ही बिचारी बांधलेली होती. मलाही मेलसमोरून पळता येत नाही. हृदय धडधडतंय, मान ताठलीय, हातापायांत पळायची सगळी तयारी झालीय, आणि करायचं काय, तर 'आपला निरोप मिळाला, आभारी आहे' असं टाइप करायचं.

या गडबडीत आपल्या हातात फारसं काही नसतं. हृदयाला 'जरा हळू' म्हणून सांगता येत नाही. घाम, पोटातले रस, डोळ्यांतल्या बाहुल्या, सगळं आपल्याला न विचारता चाललेलं असतं. एकटा श्वास तेवढा दोन्ही घरचा पाहुणा. आपण झोपलो तरी त्याचं काम चालू, आणि जागेपणी सांगितलं तर ऐकतोही. शिवाय त्याने ऐकलं की मागोमाग हृदय थोडं ऐकतं. खोटं वाटत असेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित घाईने पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुण माणसात हा फरक चांगला जाणवतो, माझ्या वयात जरा चिकाटी लागते.

सोडताना हा लगाम खेचते ती व्हेगस नावाची नस. मेंदूच्या बुडाशी निघते आणि गळा, छाती, पोट असं करत खाली हिंडत जाते. लॅटिन भाषेत तिच्या नावाचा अर्थच मुळी 'भटकी'. या भटकीची एक गोष्ट मला फार आवडते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला १९२० साली एका रात्री झोपेत प्रयोग सुचला. त्याने उठून चिठोऱ्यावर चार ओळी खरडल्या आणि निवांत झोपला. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. काहीतरी फार मोठं लिहिलंय एवढं आठवतंय, पण काय ते कळत नाही, असा अख्खा दिवस. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तीच कल्पना परत आली, तेव्हा मात्र कागद शोधत न बसता तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं. त्या हृदयातला द्रव दुसऱ्याला दिला, तर तेही मंदावलं. म्हणजे ही नस 'सावकाश' हा निरोप एका रसायनाच्या हाती पाठवते! पुढे ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन हे ठरलं, आणि १९३६ साली लोवीला हेन्री डेल यांच्या जोडीने नोबेल मिळालं. ते सगळं ठीक. मला तो मधला दिवस सुटत नाही. हृदय शांत कसं होतं हे ज्याला कळलं होतं आणि वाचता येत नव्हतं, त्याचं स्वतःचं हृदय त्या दिवशी कसं चाललं असेल?

तर ही भटकी आपलं काम करते ते श्वास सोडताना, आणि सल्ला देणारे सगळे म्हणतात 'घ्या'. दीर्घ श्वास घ्या. मीही घेत सुटले होते. एकदा काम अंगावर आलं तेव्हा खुर्चीतच बसून भराभर वीस-पंचवीस दणदणीत श्वास घेतले. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं गरगरलं. आता आपलं काही खरं नाही असं वाटून जी घाबरले, ती मूळच्या कामापेक्षा दुप्पट. कारण मागाहून समजलं. असा हपापल्यासारखा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका कमी होतो आणि त्यापायी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. हवा जास्त आणि डोक्याला रक्त कमी, असा उफराटा व्यवहार. पतंजलीच्या योगसूत्रांत मन स्थिर करायचा एक उपाय म्हणून प्राणाचा उल्लेख येतो, तिथे पहिला शब्द 'प्रच्छर्दन' आहे. म्हणजे बाहेर टाकणं. घेण्याचा शब्दच त्या सूत्रात नाही. आधी जागा रिकामी करा, आत यायचं ते येईल.

आपल्या भाषेला हे ठाऊक असावं असं मला अलीकडे वाटतं. श्वास या अर्थाचा 'दम' फारसीतून आला आणि मराठीने त्याचं काय काय करून ठेवलं! जिना चढून आल्यावर आपण दम खातो. खातो! धीराचं काम असेल तेव्हा दम धरतो, वाट बघायची असेल तर दम काढतो. मुलं ऐकेनाशी झाली की त्यांना दम देतो किंवा भरतो, म्हणजे आपला श्वास त्यांच्यात भरल्याशिवाय ती हलत नाहीत असा हिशोब असावा. तिकडे संस्कृतात एक वेगळाच 'दम' आहे, शम-दमातला, इंद्रियांना आवर घालणारा. दोघांचं कूळ वेगळं, गाव वेगळं. मराठीत येऊन एकाच खोलीत राहायला लागले. त्यामुळे कुणी 'जरा दमानं घे' म्हणालं, की श्वासाने घे म्हणतोय की संयमाने, हे सांगता येत नाही आणि सांगायची गरजही पडत नाही.

मी दमानं घेते ते असं. मनात चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. पोट हलू द्यायचं, खांद्यांना सुट्टी. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाचे सहा. श्वास कोंडून धरायचे, या नाकपुडीने घेऊन त्या नाकपुडीने सोडायचे बरेच प्रकार लोक सांगतात, आकड्यांची एवढी सूत्रं की पाढे बरे. त्यात मी पडले नाही. हृदयाचं किंवा छातीचं दुखणं असलेल्यांनी कोंडून धरायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूही नयेत. मिनिटाला सहा हा आकडा मात्र गमतीचा आहे. २००१ साली काही इटालियन संशोधकांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिन भाषेतला ख्रिस्ती जपमाळेचा जप म्हणायला लावला आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपला. धर्म निराळे, देव निराळे, फुप्फुसं तीच.

हे दोन महिने जमल्यावर मी चढले आणि ध्यानाला बसले. 'ध्यान' या शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ काय होतो ते सांगायला नको. पाठ ताठ, हात मांडीवर, एक डोळा मिटलेला आणि एक घड्याळावर, अशी मी बसलेली पाहून घरातल्या माणसांना तो दुसरा अर्थच आधी सुचला. दहा मिनिटांचा गजर लावलेला असायचा. त्यातली पहिली दोन बरी जायची. मग गॅस बंद केलाय का. केलाय. नळ? शाळेत वक्तृत्व स्पर्धेत विसरले होते ती ओळ अचानक आठवायची, तीस वर्षांनी, अगदी शब्दशः. तिच्यावरून परीक्षकांचा चेहरा, त्यावरून गेल्या आठवड्यात एकीने केलेला अपमान, त्याला द्यायला हवं होतं ते झकास उत्तर, त्या उत्तरावर तिचं उत्तर. भांडण रंगात यायचं तेवढ्यात गजर.

मला वाटायचं, मन रिकामं होतं त्याला ध्यान म्हणतात, आणि आपलं तर धान्याचं कोठार. पुढे कळलं की मन भटकणार हे धरूनच चालायचं असतं. २०१० साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे मी काही जगावेगळी नाही. ध्यानात करायचं असतं ते इतकंच, की आपण त्या भांडणात पोचलोय हे कळलं की भांडण तिथेच टाकून श्वासाकडे परत यायचं. शेवटचं वाक्य पुरं न करता. हे फार अवघड आहे, कारण शेवटचं वाक्य नेहमी माझं असतं आणि चांगलं असतं. पण इथेही पुन्हा सोडणंच. दहा मिनिटांत तीस वेळा सोडावं लागलं तर तीस वेळा परत आले, असा हिशोब मी हल्ली मांडते. पूर्वी तीस वेळा हुकलं असा मांडत असे.

सगळ्यांना हे मानवतंच असं नाही. डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की काहींची घबराट उलट वाढते. त्यांनी उगाच हट्ट धरू नये, डोळे उघडे ठेवून पावलं मोजत चाललेलं बरं. आणि एका गोष्टीचा मला रागही येतो. एका ठिकाणी मी काम करत होते तिथे तीन माणसांचं काम दोघींवर पडलं. आम्ही कुरकुर केली, तर ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली, तीही जेवणाच्या सुट्टीत. आम्ही उपाशीपोटी 'सकारात्मक ऊर्जा' आत घेतली, 'नकारात्मक' बाहेर टाकली आणि परत जाऊन तिसऱ्या माणसाचं काम केलं. श्वासाने माणूस शांत होतो, माणसं वाढत नाहीत. तिथे एक माणूस हवा होता.

श्वास लांबवायला लागल्यापासून एक नवीच पंचाईत मात्र झालीय. सावकाश सोडलेला श्वास आणि सुस्कारा हे बाहेरून ऐकायला अगदी सारखे असतात. खरं तर सुस्कारेही शरीराच्या सोयीचेच. फुप्फुसांत हवेचे कोट्यवधी फुगे असतात, त्यातले काही मिटून बसतात, ते पुन्हा फुलावेत म्हणून आपण नकळत तासाला दहा-बारा खोल उसासे टाकतच असतो, दुःख असो वा नसो. पण हे ऐकणाऱ्याला कोण सांगणार? बैठकीत कुणाचं तरी म्हणणं ऐकताना मी सहा मोजत श्वास सोडला, तर बोलणारा मध्येच थांबला. "तुमचं काही वेगळं मत आहे का?" घरी मुलगा दर दहा मिनिटांनी विचारतो, "आई, आता काय झालं?" काही झालं नाही रे, असं मी म्हणते, पण म्हणायच्या आधी पुन्हा एक सोडते, आणि तो हळूच दुसऱ्या खोलीत जातो.

परवा पुन्हा रक्तदाब मोजायला गेले. त्याच बाई, तोच पट्टा. पाय जमिनीला टेकवले, खांदे खाली सोडले.

"एक दीर्घ श्वास घ्या," बाई म्हणाल्या.

मी सावकाश सोडायला सुरुवात केली. चार, पाच, सहा.

"अहो, घ्या म्हटलं."