जांभळ्या शाईच्या मागावर: गिल्डफर्ड आणि वोकिंग

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून गिल्डफर्डला पोचायला पाऊण तासही लागत नाही. उतारावरचा फरसबंदी हाय स्ट्रीट ओलांडून मी किल्ल्याजवळच्या ‘द चेस्टनट्स’ या घरासमोर उभी राहिले. रेव्हरंड चार्ल्स डॉजसन, म्हणजे ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा आपला लुईस कॅरल, त्याच्या बहिणींचं हे घर. १८६८ मध्ये वडील गेल्यावर त्यानंच ते भाड्यानं घेतलं. नाताळात तो ऑक्सफर्डहून इथे यायचा, आणि १४ जानेवारी १८९८ ला इथेच न्यूमोनियानं गेला. घर खासगी आहे, बाहेरूनच पाहायचं.

मला ओढ होती ती त्याच्या पत्रांची. १ जानेवारी १८६१ पासून त्यानं आल्या-गेल्या प्रत्येक पत्राची नोंद ठेवली. नोंदवहीतला शेवटचा आकडा ९८,७२१! सदतीस वर्षं, दिवसाला सरासरी सात पत्रं. ओळखीच्या लहान मुलींना लिहिलेली काही आरशात धरून वाचायची, काही नखाएवढ्या कागदावर, काहींत शब्दांच्या जागी चित्रं. बरीच वर्षं शाई जांभळी.

‘द माउंट’ची चढण दम काढते. वर दफनभूमीत त्याच्या थडग्यावर पांढरा संगमरवरी क्रूस आहे. कोरलेलं आहे ते खरं नाव, टोपणनाव कंसात.

तिथून आगगाडीनं वोकिंग. सरे हिस्टरी सेंटर या अभिलेखागारात डॉजसन कुटुंबाची कागदपत्रं आहेत. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. समोर ठेवलेलं त्याचं अक्षर इतकं सुवाच्य होतं, की सव्वाशे वर्षांपूर्वीचा मजकूर मी न अडखळता वाचत गेले. पत्रलेखनावरच्या १८९० च्या पुस्तिकेत त्यानं बजावलंच होतं, अक्षर वाचता येईल असं काढा. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवा, हेही.

तो गेल्यावर ऑक्सफर्डमधल्या त्याच्या खोल्या घाईनं रिकाम्या झाल्या. कितीतरी कागद जाळले गेले, मे महिन्यात सामानाचा लिलाव झाला, आणि ती नोंदवहीही नाहीशी झाली. याचं मला अजून वाईट वाटतं. पत्रं तेवढी बचावली, कारण ती आधीच दुसऱ्यांच्या घरी पोचली होती. मुलींनी ती जपली, पुढे संग्राहकांनी विकत घेतली. फिलाडेल्फियाच्या मॉरिस पॅरिशचा संग्रह प्रिन्स्टन विद्यापीठाला मिळाला. पेन्सिलींचे कारखानदार आल्फ्रेड बेरोल यांचा न्यूयॉर्क विद्यापीठात आहे. इंग्लंडचा ठेवा अमेरिकेला गेला अशी हळहळ काहींना वाटते. मला तर या मंडळींबद्दल कृतज्ञताच वाटते. कॅरलचे अभ्यासक मॉर्टन कोहेन यांनी ठिकठिकाणची पत्रं हुडकून १९७९ मध्ये दोन खंड काढले, ते असे संग्रह शाबूत होते म्हणून.

वोकिंगला जाणार असाल तर काय पाहायचंय ते आधी कळवून ठेवा आणि ओळखपत्र न्या. गिल्डफर्ड सकाळी उरकलंत तर दुपार अख्खी वाचनकक्षाला देता येते.