गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट देण्याआधी विचारायचे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, म्हणजे माला-डी आणि तिच्या जातीतल्या इतर महागड्या गोळ्या, माझ्याकडे नियमित विकल्या जातात. मागणाऱ्या बाईचा आवाज बहुधा खाली आलेला असतो, पाकीट कागदात गुंडाळून हवे असते आणि मागे दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले की ती चटकन निघून जाते. पुष्कळदा तर नवराच घ्यायला येतो आणि त्याला बायकोचा रक्तदाब किती असतो हे ठाऊक नसते. या संकोचामुळे ज्या चार गोष्टी काउंटरवर बोलायच्या राहून जातात, त्या इथे सविस्तर लिहीत आहे.

ही गोळी बहुतेक निरोगी तरुण स्त्रियांसाठी सुरक्षित आहे, हे आधीच स्पष्ट करते. अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनचे प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या माला-डी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्ये वेगळ्या प्रकारचे इस्ट्रोजेन असते आणि तेही ३० मायक्रोग्रॅम. ज्या थोड्या स्त्रियांना या गोळीपासून खरा धोका असतो, त्यांना ओळखायला महागड्या तपासण्या लागत नाहीत. दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा आणि शांतपणे विचारलेले काही प्रश्न एवढ्यावर बहुतांश काम होते, आणि नेमके तेवढेच आपल्याकडे केले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

धोका आहे तो मुख्यतः रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होण्याचा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांमध्ये वर्षभरात साधारण दोघींना अशी गाठ होते. प्रोजेस्टोजेन म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली (माला-डी त्यातलीच) गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच ते सात, तर ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असलेली गोळी घेणाऱ्यांत नऊ ते बारा असल्याचे युरोपच्या औषध नियामक संस्थेने म्हटले आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हाच धोका गोळीपेक्षाही जास्त असतो, त्यामुळे हे आकडे वाचून कोणी घाबरून गोळी सोडू नये. मात्र गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, धोका सर्वाधिक असतो आणि महिनाभर किंवा अधिक खंड पाडून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वाढतो. ‘शरीराला विश्रांती’ म्हणून दर सहा महिन्यांनी गोळी थांबवण्याचा सल्ला शेजारणी, नणंदा आणि काही वेळा वैद्यकीय व्यवसायातले लोकही देतात. त्याचा लाभ काही नाही, उलट नको असलेली गर्भधारणा आणि गाठीचा धोका या दोन्ही गोष्टी तो ओढवून घेतो.

आता प्रश्नांकडे येते. पहिला प्रश्न रक्तदाबाचा. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी सुरू करू नये आणि दुसरे साधन निवडावे. दुसरा प्रश्न अर्धशिशीचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. नुसते डोके दुखते का, असे विचारून भागत नाही. डोके दुखायला लागण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात का, दृष्टीचा एखादा भाग काही वेळ नाहीसा होतो का, हाताला किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला मुंग्या येतात का, हे विचारावे लागते. असे होत असेल तर वय कितीही असो, इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये, कारण त्या स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गाठ झालेली असणे, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेला असणे, यकृताचा गंभीर आजार, स्तनाचा कर्करोग यांतही ही गोळी वर्ज्य आहे. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीनेही ती टाळावी. आपल्याकडे बायका सिगारेट कमी आणि मिश्री जास्त वापरतात. वैद्यकीय निकष धूम्रपानाविषयीचा असला तरी मिश्रीची सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

बाळंतपणानंतरचा प्रश्न वेगळा लिहावा लागतो, कारण सव्वा महिना झाला की गोळ्या सुरू करायच्या असा समज घरोघरी आहे. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे ही गोळी मुळीच घेऊ नये आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंतही शक्यतो टाळावी. त्या काळासाठी तांबी आहे, निरोध आहे, आणि ‘छाया’ ही संप्रेरक नसलेली गोळीही सरकारी केंद्रांत मोफत मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. छाया रोज घेणाऱ्या आणि माला आठवड्यातून एकदा घेणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या बायका मला भेटल्या आहेत.

शेवटचा प्रश्न इतर औषधांचा. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृताला संप्रेरके फार लवकर मोडायला लावते, त्यामुळे गोळी रोज घेऊनही गर्भ राहू शकतो. हा परिणाम औषध संपल्यावरही सुमारे चार आठवडे टिकतो. आकडीवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांचेही तसेच आहे. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी मात्र गोळी निष्प्रभ होत नाही. क्षयाचा उपचार घेणाऱ्या तरुण स्त्रीला औषधांमुळे लघवी लालसर होईल हे सांगितले जाते, पण गर्भनिरोधक गोळीबद्दल बहुधा कोणी विचारत नाही, आणि ती स्वतःही सांगत नाही, कारण ही गोळी म्हणजे औषध असे तिला वाटतच नाही.

गोळी घेण्याची पद्धत सोपी आहे, तरी चुका ठरावीक ठिकाणी होतात. माला-डीच्या पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. अठ्ठाविसावी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायचे, पाळी सुरू असो वा नसो. २१ गोळ्यांच्या पाकिटानंतर मात्र सात दिवस थांबायचे. एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलेल्या स्त्रिया लोहाच्या गोळ्या संपवून वर आणखी सात दिवस थांबतात, आणि चौदा दिवसांच्या त्या खंडात बीजकोश पुन्हा कामाला लागतो. एक गोळी विसरली तर आठवताच घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या चुकल्या तर शेवटची चुकलेली गोळी लगेच घेऊन पुढच्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात आणि सात दिवस निरोध वापरावा. ही चूक पांढऱ्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर पांढऱ्या गोळ्या संपल्यावर तपकिरी वगळून थेट नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात चूक होऊन संबंधही आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारावे.

गणपती-गौरींच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांसाठी दुकानात रीघ लागते. त्यांचा इथे उल्लेख करण्याचे कारण आहे. त्या बहुधा नॉरएथिस्टेरोनच्या, ५ मिलिग्रॅमच्या, दिवसातून तीनदा घ्यायच्या असतात. एवढ्या मात्रेत या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि तो गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनइतका भरू शकतो. म्हणून पूर्वी गाठ झालेल्या किंवा अर्धशिशीआधी चमकत्या रेषा दिसणाऱ्या स्त्रीला वरचेच प्रश्न इथेही लागू आहेत. शिवाय या गोळ्यांनी गर्भधारणा टळेल असे धरून चालू नये.

सुरुवातीच्या महिन्यांत मळमळ, स्तनांत जडपणा, मधूनच थोडे लाल डाग हे त्रास बहुतेक जणींचे आपोआप कमी होतात. पण एकाच पायाच्या पोटरीत दुखून सूज येणे, अचानक छातीत दुखणे किंवा धाप लागणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणे, दिसेनासे होणे, पोटात असह्य कळ किंवा कावीळ यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि तिथे पोचल्यावर आपण ही गोळी घेतो हे कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. सासू शेजारी उभी असल्यामुळे ते बोलता येत नसेल तर पाकीट पर्समध्ये ठेवून परिचारिकेच्या हातात द्यावे.