डावं मागचं चाक पुढे का येतं

पुण्यात कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात मेकॅनिकल केलं, पुढे सहा वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनवरच काढली. त्यामुळे इंडियानात कोलंबसला राहायला आल्यावर शेजारच्या गॅरेजात डर्ट लेट मॉडेल, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवर पळवायची रेस कार, उघडी दिसली, तेव्हा मनात आलं, यात काय कळायचंय! शेजारी सत्तरीचे. त्यांचा मुलगा शनिवारी रात्री ब्राउनस्टाउनच्या पाव मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतो आणि उरलेला आठवडा हे गाडीखाली. आम्ही घरात त्यांना तात्या म्हणतो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या शनिवारीच माझी जिरली. वळणातून गाडी आली ती अर्धी आडवी, डावी बाजू उचललेली, पुढचं डावं चाक हवेत आणि मागचं डावं चाक आपली जागा सोडून चांगलंच पुढे आलेलं. "अहो, एक्सल सुटला!" मी ओरडलेच. तात्या शांतपणे म्हणाले, "सुटला नाही, कामाला लागला."

मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, आपल्या मनाने वळू नये, यासाठी आम्ही ऑफिसात जिवाचं रान करतो. इथे तो वळावा म्हणूनच सगळी जुळवाजुळव! सोमवारी संध्याकाळी मी चहा घेऊन गॅरेजात गेले आणि मुकाट्याने स्टुलावर बसले.

सुरुवात बर्डकेजपासून. नाव पिंजऱ्याचं, पण वस्तू म्हणजे एक्सलच्या नळीवर बेअरिंगवर फिरणारं अ‍ॅल्युमिनियमचं ब्रॅकेट. दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येकातून दोन दांड्या पुढे चॅसीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, जातात, एक एक्सलच्या वरून, एक खालून. म्हणजे एकूण चार, म्हणून फोर-लिंक. डावीकडची वरची दांडी पुढे चढत जाते, आणि सगळी गंमत त्या चढात आहे. थ्रॉटल दिला की चाक एक्सलला पुढे रेटतं, तो रेटा दांड्यांतूनच गाडीला मिळतो. दांडी चढती असल्यामुळे त्यातला काही हिस्सा गाडीला वर उचलतो. गाडी उचलली की दांडी आणखी उभी होते.

पण मग चाक पुढे का येतं? तात्यांनी कोपऱ्यातली शिडी भिंतीला टेकवली आणि वरचं टोक वर सरकवलं. खालचा पाय आपोआप भिंतीकडे आला. भिंत म्हणजे चॅसी, पाय म्हणजे एक्सल. लांबी तीच, पण शिडी उभी झाली की पाय जवळ येणारच. डावं चाक पुढे आलं की एक्सल तिरका होतो, गाडीचा मागचा भाग बाहेर उजवीकडे सरकतो आणि नाक डावीकडे वळतं. ट्रॅकवर सगळी वळणं डावीच, म्हणून हे सगळं डावीकडेच जास्त.

बर्डकेज मोकळं फिरतं म्हटल्यावर मला प्रश्न पडला, चाकं पुढे फिरताना एक्सलची नळी उलटी फिरू पाहते, मग तिला अडवतं कोण? त्याला लिफ्ट आर्म. एक्सलच्या मधल्या भागाला घट्ट बसवलेला लांब हात, पुढच्या टोकाला स्वतःची स्प्रिंग. चाकं चार, स्प्रिंगा पाच! थ्रॉटल दिला की तो हात वर जातो, स्प्रिंग दाबतो, आणि तोच जोर मागच्या टायरना मातीत रुतवतो. आडवा जे-बार एक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवतो. त्याची उंची पाव इंचाने बदलली तरी तात्यांचा मुलगा तक्रार करतो, पण तो विषय मला अजून पुरता पचलेला नाही.

दोन्ही मागची चाकं एकाच गतीने फिरतात, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाहीच. बैलगाडीची चाकंसुद्धा आपापली फिरतात, इथे तीही सोय नाही. डाव्या वळणात उजव्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून उजवा टायर घेरात मोठा बसवतात. चहाचा कागदी कप आडवा घरंगळवून बघा, गोलच फिरेल.

दोन आठवड्यांत मी शहाणी झाले आणि तात्या बाहेर असताना स्वतःच कोन मोजले. वरची दांडी फारच चढती निघाली, म्हणून चॅसीवरच्या एका भोकाने खाली घेतली. शनिवारी गाडी वळणातून बाहेर पडताना नुसती चाकं फिरवत राहिली, वर उठेचना. मुलगा हेल्मेट काढून म्हणाला, "मागे कोणी झोपलंय का?"

चूक साधी होती. गाडी स्टँडवर, एक्सल खाली लोंबकळता, आणि मी मोजत बसले! एक्सल लोंबला की दांडीचं मागचं टोक खाली जातं, कोन आहे त्याहून मोठा दिसतो. तात्या ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "गाडी उभी असते जमिनीवर, टायरमध्ये हवा भरलेली आणि सीटवर माणूस बसलेला. तेव्हा मोज."

दांडी परत वर गेली, तरी एका शनिवारी गाडी कधी उठायची, कधी नाही. या वेळी तात्यांनी डावी स्प्रिंगच काढली, एक्सलखाली जॅक लावला आणि दांडा माझ्या हातात दिला. "हळूहळू वर घे. काय जाणवतं ते सांग." अर्ध्यावर जॅकचा दांडा हाताला किंचित जड झाला, मग सुटला. मी थांबले. परत खाली, परत वर. त्याच जागी. बर्डकेज उघडलं तर बेअरिंगभोवती विटेसारखी सुकलेली चिकणमाती, वर ग्रीसचा थर. धुऊन, पुसून, नवं ग्रीस लावून बसवलं. आता एक्सल एका बोटाने हलवावा असा.

तेव्हापासून कोन मोजायचे असले की सीटवर मी. मुलगा माझ्यापेक्षा बराच वजनदार, म्हणून मांडीवर चाळीस पौंडांची मिठाची गोण ठेवायची. तात्या गाडीखालून आकडे सांगतात, मी गोणीवर वही टेकवून लिहून घेते.