दुहेरी टीप

मी नेमकं काय काम करते, हे इचलकरंजीत सांगितलं की लोक आधी हसतात. दुसऱ्यानं घातलेले, घामानं पिवळे पडलेले शर्ट बघायचे, ते खरंच त्या माणसाचे आहेत का ते सांगायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. मावशीनं एकदा विचारलं होतं, "म्हणजे परटाकडचं काम का?" अगदीच चूक नव्हतं ते.

अमेरिकेत बेसबॉलचे सामन्यात वापरलेले शर्ट, बॅटी, चेंडू, टोप्या यांचा बाजार फार मोठा आहे. बेब रूथ या दिग्गज फलंदाजानं 1932 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, घातलेली जर्सी 2005 साली 9 लाख 40 हजार डॉलरना गेली होती. तीच 2024 च्या ऑगस्टमध्ये लिलावात 2 कोटी 41 लाख 20 हजार डॉलरना गेली. मधल्या काळात बाजार वाढला हे खरंच, पण जुन्या छायाचित्रांतल्या शर्टाशी ती टाक्याटाक्यानं जुळवली गेली, याचाही त्यात वाटा आहे. ती जुळवाजुळव करणारी माणसं म्हणजे आमची जमात. मी वस्त्र अभियांत्रिकी शिकले, लग्नानंतर नवऱ्याच्या मागे इकडे आले, काही वर्षं घरी बसले आणि मग अपघातानंच या धंद्यात शिरले. बेसबॉल मला आजही अर्धाच कळतो. कापड कळतं.

हल्लीच्या वस्तूंचं सोपं आहे. नव्वदच्या दशकात खोट्या सह्यांचा इतका सुळसुळाट झाला होता की टोनी ग्विनसारख्या खेळाडूला स्वतःच्याच क्लबच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या सापडल्या. एफबीआयनं टोळी पकडली, आणि 2001 पासून मेजर लीगनं, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगनं, आपली व्यवस्था सुरू केली. मैदानावर एक आजी किंवा माजी पोलीस बसतो, चेंडू बाहेर आला की तिथल्या तिथे त्यावर क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो. तो उचकटला तर फाटतो. पण 1960 च्या शर्टावर कोण होलोग्राम लावणार? तिथे सुई, धागा आणि उजेड.

पिट्सबर्गच्या एका हॉटेलात आमचा तपासणीचा दिवस होता. लोक पिशव्या, पेट्या, उशांचे अभ्रे घेऊन रांगेत उभे राहतात. आमचे साहेब बॅटीतले दर्दी. ते बॅट हातात घेतली की कंपनीचा छाप वर करून दांड्याकडून बघतात. खेळाडूला लहानपणापासून शिकवलेलं असतं की छाप आकाशाकडे ठेवायची, म्हणजे चेंडू लाकडाच्या भक्कम बाजूवर बसतो. त्यामुळे उजव्या हाताच्या फलंदाजाच्या बॅटीवर चेंडूचे वळ डाव्या अंगाला असतात, डावखुऱ्याच्या उजव्या अंगाला. आमच्या क्रिकेटच्या बॅटीला पाठ-पोट असतं, हिला ते छापानं ठरवावं लागतं. साहेबांकडे दुपारपर्यंत नऊ बॅटी आल्या, त्यातल्या सात दुकानातून विकत घेतलेल्या निघाल्या. दुकानी बॅटीच्या बुडावर इंचांत लांबी असते, खेळाडूसाठी बनवलेल्या बॅटीच्या बुडावर त्या काळी मॉडेलचा क्रमांक असायचा. एवढं बघितलं तरी अर्धी रांग घरी जाते. जाताना माणसं साहेबांकडे ज्या नजरेनं बघतात ती मला सहन होत नाही, म्हणून मी शर्टांच्या टेबलावर खूश.

माझ्या टेबलाशी एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, सोबत नातू. खोक्यात पिवळट पांढरा फ्लॅनेलचा शर्ट, बाह्या नसलेला. पिट्सबर्ग पायरेट्सचे असे बिनबाह्यांचे शर्ट 1957 पासून 1970 च्या अर्ध्या हंगामापर्यंत होते. मग 16 जुलै 1970 ला थ्री रिव्हर्स स्टेडियम उघडलं, त्या दिवशी हा संघ विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या सिंथेटिक गणवेशात उतरला आणि दोनतीन वर्षांत सगळ्या लीगमधून लोकरी फ्लॅनेल हद्दपार झालं. उन्हाळ्यात लोकर घालून खेळणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. मला मात्र फ्लॅनेलच बरं. ते सगळं लक्षात ठेवतं.

पाठीवर क्रमांक 21.

पिट्सबर्गात 21 म्हणजे रोबेर्तो क्लेमेंते, दुसरं कुणी नाही. पोर्तो रिकोचा हा माणूस 1955 ते 1972 इथेच खेळला, कारकिर्दीत बरोबर 3000 हिट्स, म्हणजे यशस्वी फटके, केले, आणि 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला संघानं 21 क्रमांक कायमचा निवृत्त केला. इथल्या म्हाताऱ्यांसमोर त्याचं नाव काढलं की आवाज खाली येतो.

मी हातमोजे चढवले. पहिल्या दहा मिनिटांत जे दिसलं ते सगळं वाईट. गळ्याच्या आतलं लेबल कापलेलं, त्याच्या चौकोनी शिवणीची भोकं फक्त शिल्लक. शेपटाला खेळाडूचं नाव आणि वर्ष शिवतात, तिथलीही पट्टी नाही. क्रमांकाचं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाडसर कापड, नको इतकं करकरीत. आणि ते शिवलं होतं सरळ टीपेनं, दोन समांतर ओळींत. छातीवरच्या अक्षरांना मात्र झिगझॅग. एकाच शर्टाला दोन हातांची शिवण.

अतिनील दिवा लावला. पुष्कळ लोकांना वाटतं, चमकलं की खोटं. रूथच्या काळातल्या कापडासाठी ते बऱ्यापैकी चालतं, कारण कपडे पांढरे दाखवणारी रसायनं साबणात सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. साठच्या दशकातला शर्ट घरी एकदा धुतला की आख्खाच चमकतो. हाही चमकला. त्यावरून एवढंच कळलं की कुणीतरी तो जीव लावून धुतला होता.

मग नातवाची परवानगी घेऊन क्रमांकाच्या मागच्या बाजूला लोंबणारं धाग्याचं टोक कापलं. जेमतेम पाच मिलिमीटर. सुती तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या फितीसारखा दिसतो. हा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत होता. उरलेल्या तुकड्याला ज्योत दाखवली तर वितळून टाचणीच्या डोक्याएवढा मणी झाला. इचलकरंजीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हेच करायचो आम्ही. सूत जळताना कागदाचा वास, लोकरीला केसांचा, पॉलिस्टरचा मणी. छातीवरच्या अक्षरांचा धागा मात्र सुतीच होता.

साहेब मागून डोकावले, मणी बघितला आणि हळूच म्हणाले, "नंबर नंतर लावलाय." आमच्या धंद्यात याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. संघ जुने शर्ट फेकत नसत. हंगाम संपला की क्रमांक उसवून ते खालच्या लीगमधल्या आपल्या संघांना द्यायचे, तिथे दुसरा क्रमांक चढायचा. असा एखादा निनावी खेळाडूचा शर्ट मिळवायचा, त्यावर मोठ्या माणसाचा क्रमांक टाकायचा, लेबल 'हरवायचं', झालं. फॉर्मवर 'बनावट' हा शब्द लिहायला मी पेन उचललंसुद्धा होतं.

लिहिला नाही, याचं श्रेय माझ्या सद्सद्विवेकाला नाही, सवयीला आहे. माझी आई इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात मेंडिंगला होती. मागावरून उतरलेला तागा तिरक्या टेबलावर ओढायचा आणि तुटलेले धागे, गाठी, सुटलेली वीण हुडकायची. मी शाळेतून येऊन तिच्या शेजारी बसायचे आणि मला काही दिसायचं नाही. ती म्हणायची, "अगं, उजेडाकडं धर की आधी." शर्ट अजून उजेडासमोर धरलाच नव्हता.

खालून उजेड देणारं लाइट टेबल पेटवलं, शर्ट उलटा करून पाठ त्यावर पसरली, वरचे दिवे नातवाला बंद करायला सांगितले. क्रमांकाचं फेल्ट काळं पडलं आणि त्याच्या कडेनं टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उजळले. नागमोडी ओळ. झिगझॅगची जुनी भोकं. ती 2 च्या पोटाबरोबर वळत होती, 1 च्या बाजूनं सरळ उतरत होती. मधूनच तिसरीच एक ओळ दोन्ही आकड्यांना आडवी छेदून जात होती, एकाच मोठ्या, गोलसर आकड्याची. म्हणजे या पाठीवर तीनदा क्रमांक चढला होता: आधी 21, मग दुसरा कुठला तरी, मग पुन्हा 21.

साहेब कसलेले. म्हणाले, "भोकं कुणीही पाडेल. मशिनला धागा न ओवता चालवली की झालं." बरोबर होतं त्यांचं. पण लोकर धुताधुता आटते, तिचे तंतू एकमेकांत अडकत जातात. नवं भोक कडेनं स्वच्छ दिसतं. ही भोकं आखडलेली होती आणि आतल्या दोनचार ठिकाणी सुती धाग्याचा कोंडा लोकरीत असा रुतून बसला होता की चिमट्यानंही निघेना. शिवाय सध्याचा 2 तळाशी दोन मिलिमीटर सरकला होता आणि त्याच्याखालून नखाच्या कोरीएवढी जुन्या 2 ची कड दिसत होती. तिथली लोकर भोवतीपेक्षा पांढरी होती, पूर्वी झाकलेली राहिली होती म्हणून. घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसतं ना, तसं.

मी आजींकडे वळून विचारलं, "हा क्रमांक कधी लावला, काही कल्पना आहे तुम्हाला?"

"मीच लावला," त्या म्हणाल्या. असं, की जणू मी विचारायची वाटच बघत होत्या.

त्यांचे यजमान खालच्या लीगच्या एका मैदानावर गवत कापायचे. साठच्या दशकाच्या शेवटी क्लबनं फाटके गणवेश चिंध्या म्हणून वाटले, त्यात हा आला. क्रमांक उसवलेला, लेबल कापलेलं. पण पाठीवर 21 ची सावली दिसत होती, म्हणून त्यांनी गाडी पुसायला वापरला नाही. पुढे 1973 च्या नव्या वर्षाच्या आठवड्यात रेडिओवर विमानाची बातमी सुरू होती. यजमान गॅरेजमध्ये गेले आणि शर्ट घेऊन आले. "म्हणाले, परत लाव. मी फेल्ट विकत आणलं, सावलीवर ठेवलं आणि शिवलं. माझ्या मशिनला सरळ टीपच यायची. धुण्यात सुटेल म्हणून दोनदा फिरवली."

टीप दुहेरी आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बनवेगिरी करणारा झिगझॅगच मारतो, त्याला माहीत असतं आम्ही काय बघतो ते. माझ्या मनातला शेवटचा अडसर तिथे गळाला, पण फॉर्मवर त्याला जागा नाही. तपासणीनंतर आम्ही जे पत्र देतो त्यात गोष्टी चालत नाहीत. गोष्ट प्रत्येक शर्टाबरोबर येते, उशीच्या अभ्र्यातून येते, आणि दहातल्या आठ जणांना ती मनापासून खरी वाटत असते.

मग तासभर मी आणि साहेब भांडलो. वर्ष सिद्ध होत नाही, कारण पट्टी नाही. छायाचित्रांशी जुळवायचं तर न्यूयॉर्कच्या यांकीज संघासारख्या रेघांच्या शर्टावर बटणापाशी कुठली रेघ कुठे येते ते मोजता येतं. या शर्टाला रेघाच नाहीत. छातीवरची अक्षरं हातानं ठेवून शिवत, त्यामुळे दोन शर्टांत ती तंतोतंत सारखी पडत नाहीत, तेवढाच आधार. आमच्याकडच्या एकाही फोटोत ती इतकी स्पष्ट नव्हती. पण बिनबाह्यांच्या शर्टाच्या सबंध काळात पायरेट्सचा 21 क्लेमेंतेकडेच होता, आणि पहिला 21 जुना आहे यावर मी अडून बसले. शेवटी लिहिलं: संघाचा मूळ शर्ट, मूळ क्रमांक 21 चे पुरावे, मधल्या काळात अन्य क्रमांक, सध्याचा क्रमांक नंतर बसवलेला. कोणत्या सामन्यात घातला, ते सांगता येत नाही.

किमतीच्या दृष्टीनं शेवटची दोन वाक्यं एक शून्य खातात. लेबल, पट्टी, मूळ क्रमांक शाबूत असते तर आजींच्या नातवानं नोकरी सोडली असती. संघानं हंगामात केलेला रफू किंमत वाढवतो, कारण तो खेळाचा पुरावा असतो. नंतरचा रफू किंमत पाडतो. तोच धागा, तीच सुई, तारीख वेगळी. हा नियम मी स्वतः कितीदा लोकांना समजावून सांगितलाय, आणि त्या दिवशी तो सांगताना मला आजींकडे बघवेना.

साहेबांनी व्यवहाराचं सुचवलं. हा क्रमांक काढून जुन्या पद्धतीचं फेल्ट आणि सुती धाग्यानं जाणकाराकडून पुन्हा बसवला तर बरा भाव येईल, असं बरेच जण करतात. नातू माझ्याकडे बघायला लागला. आजींनी ऐकून घेतलं आणि साहेबांना एवढंच विचारलं, "आणि तो दोनदा शिवेल का?"

शर्ट घडी घालताना त्यांनी तो उलटा केला आणि त्यांचा हात मागच्या बाजूच्या एका टोकावर थांबला. "इथे माझी गाठ होती."

होती. मी नमुन्यासाठी कापलेलं टोक तिचंच होतं. गाठ गेल्यामुळे टीपेचे तीनचार टाके सैल पडले होते आणि खोक्यातून घरी जाईपर्यंत आणखी उसवणार होते. नियम असा की तपासणीच्या टेबलावर वस्तूला काहीही करायचं नाही. टाका सोडा, फुंकरसुद्धा नाही. मी साहेबांकडे बघितलं. ते एक बॅट उचलून दांड्याकडून छाप बघायला लागले, जी त्यांनी सकाळीच बघून बाद केली होती.

आजींनी पर्समधून हॉटेलात मिळते तसली छोटी सुई-दोऱ्याची पुडी काढली. चष्मा कपाळावर सरकवून सुई ओवायला त्यांना तीन प्रयत्न लागले, मला ओवू दिली नाही. दोन टाके, एक गाठ, दातानं दोरा तोडला.

पत्राच्या मसुद्यात 'दुरुस्ती' या रकान्यात मी 1973 लिहिलं होतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ घातली: आतल्या बाजूला, 2 च्या तळाशी, एक गाठ, आणि पुढे त्या दिवसाची तारीख.