आजीचा अर्धपुतळा, नोंद सातवी : हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले

मागच्या नोंदीत ‘आता फक्त हसू उरले आहे’ असे मी तोऱ्यात लिहिले होते. त्या हसण्याने माझे तीन रविवार खाल्ले. ओठांचे कोपरे कितीही नेमके उचलले तरी आजी फोटोवाल्याने दटावून हसवल्यासारखीच दिसत होती.

झायगोमॅटिकस मेजर हा हसण्याचा स्नायू गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरतो, म्हणून कोपरा वर आणि मागे सरकतो, एवढे मी पाळले होते. मात्र कोपरा मागे गेल्यावर गालाचे मांस कोठे जाते, याचा विचारच केला नव्हता. ते वर चढते, खालच्या पापणीला ढकलते. आणि माझे डोळे तर पाचव्या नोंदीतलेच, शांत राहिले होते. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली, विजेने चेहऱ्याचे स्नायू आकुंचित करून केलेल्या प्रयोगांच्या ग्रंथात, हाच फरक मांडला होता: ओठ इच्छेने हसतात, डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली हा स्नायू खऱ्या आनंदाने आकसतो. पुष्कळांना तो मुद्दामही आकसता येतो, हे आता ठाऊक आहे; मातीच्या बाबतीत तर तो मुद्दामच आकसावा लागतो.

मग खालची पापणी जेमतेम दोन मिलिमीटर वर घेतली, तिच्याखाली फुगवटा दिला आणि भुवईचे बाहेरचे टोक किंचित उतरवले. नाकापासून ओठांकडे येणारी घडी आधी मी सुरीने कोरली होती, ती बुजवली. गालाचा उंचवटा योग्य जागी येताच ती आपोआप पडली. हे सारे घासून चपट्या केलेल्या बांबूच्या विणकामाच्या सुईने झाले, महागडा हत्यारांचा संच पेटीतच राहिला. नव्या दुकानातील ऑइल क्ले (तेलात मळलेली माती) मात्र पुन्हा घेणार नाही, कारण दुपारच्या उकाड्यात पापणीची कड तिच्यात टिकत नाही.

संध्याकाळी दिवा बाजूने लावला, तेव्हा दारातून जाणाऱ्या आईने थबकून विचारले, “सासूबाई कोणाला हसताहेत?”

येत्या रविवारी प्लास्टरचा साचा घ्यायचा, असे ठरले होते. पण हे लिहिताना आठवले, की आजीच्या डाव्या गालात सदैव पान असे. म्हणजे तो गाल फुगलेला हवा, आणि आतला विडा सावरणारा बक्सिनेटर हा गालाचा स्नायू ताणलेला असल्याने डावा कोपरा उजव्याइतका मोकळेपणी वर जाणार नाही. तेव्हा प्लास्टरची पिशवी तूर्त फोडत नाही.