छोट्या कुत्र्याला फ्लूची लस द्यायची का?

कुत्र्यांच्या फ्लूची लस सरसकट सगळ्यांना द्यायची लस नाही. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो या जीवघेण्या रोगांच्या लशी चुकवायच्या नाहीत. फ्लूची मात्र कुत्र्याचा वावर बघून ठरवायची. तुम्ही बाहेरगावी गेलात की तो बोर्डिंगमध्ये राहतो का, डे-केअर, ग्रूमिंग, डॉग शो, बागेत अनोळखी कुत्र्यांशी हुंगाहुंगी? यातलं काही नेहमीचं असेल आणि परिसरात फ्लूच्या केसेस येत असतील, तर लस द्यावी. दिवसभर घरात आणि संध्याकाळी एकट्याने फेरी, एवढंच असेल तर घाई नको.

मग आकाराचा संबंध कुठे येतो? दोन ठिकाणी. पोमेरेनियन, यॉर्की, चिवावा यांची श्वासनलिका मुळात कमकुवत असू शकते; पग, शिह त्झू यांची नाकाची वाट अरुंद. फ्लूचा खोकला दोन-तीन आठवडे सहज रेंगाळतो आणि या मंडळींना तो जड जातो. हृदयाची झडप गळत असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचंही तेच. अशांच्या बाबतीत माझा कल लशीकडे.

दुसरी बाजू अशी, की लशीची रिअ‍ॅक्शन छोट्या कुत्र्यांत जास्त दिसते, आणि एकाच भेटीत जितक्या लशी तितका धोका वाढतो. म्हणून फ्लूची लस बाकीच्यांबरोबर उरकून घेऊ नका, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. ‘एवढासा जीव, अर्धा डोस द्या’ असा आग्रह मात्र धरू नका. लशीचा डोस वजनावर ठरत नाही. अर्ध्याने पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असं नाही. सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या, हिरड्या पांढुरक्या पडणं यातलं काहीही दिसलं तर तिथल्या तिथे डॉक्टरांना दाखवा. दिवसभर मरगळ किंवा टोचल्या जागी छोटी गाठ हे चालतं.

कुत्र्यांत फ्लूची साथ आणलेले विषाणू दोन: घोड्यांकडून आलेला एच३एन८, जो 2004 मध्ये फ्लोरिडातल्या ग्रेहाउंड जातीच्या शर्यतीच्या कुत्र्यांत सापडला, आणि पक्ष्यांकडून आलेला एच३एन२, ज्याने 2015 मध्ये शिकागोत धुमाकूळ घातला. एकाची लस दुसऱ्यावर भरवशाची नाही, म्हणून दोन्हींची एकत्र लस मिळत असेल तर तीच मागा. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस वेगळी. ती झाली म्हणजे फ्लूची झाली असं नव्हे.

पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. लोक हमखास चुकतात ते इथे: बोर्डिंगच्या आदल्या आठवड्यात एक डोस देऊन मोकळे होतात. दुसऱ्या डोसनंतरही अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा सहा आठवडे आधीच सुरुवात करा.

लस घेतलेल्यालाही संसर्ग होऊ शकतो, फक्त आजार बहुतेकदा सौम्य राहतो. त्यामुळे खोकला लागलाच तर गळ्यातला पट्टा काढून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घाला, दवाखान्यात जाण्याआधी फोन करून कळवा आणि चार आठवडे इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा.